फाइल बंद झाली, म्हणून लिहितो आहे

प्रति,
परदेशी जोडीदारांच्या व्हिसाचे नियम ठरवणारे आणि ते जिल्ह्याजिल्ह्यांत राबवणारे अधिकारी यांस

सप्रेम नमस्कार.

हे पत्र खरं तर दोन वर्षांपूर्वीच लिहायला घेतलं होतं. हिशेबाच्या वहीत चार पानं लिहून झाली होती. बायकोने विचारलं, काय लिहितोयस? मी सांगितलं. ती म्हणाली, "आत्ता नको. आधी कागद हातात येऊ दे." मी वही मिटली. ज्यांच्या टेबलावर आपली फाइल पडून आहे त्यांच्याबद्दल चारचौघांत बोलू नये, हे आम्हा दोघांनाही कुणी शिकवावं लागलं नाही. दुबईत नऊ वर्षं काढली की ते आपोआप अंगात मुरतं.

गेल्या वर्षी तिचं ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिकाला भारतात कायम राहू देणारं कार्ड, आलं. आता आमची कुठलीच फाइल कुठल्याच टेबलावर नाही. ज्यांची आहे ते बोलणार नाहीत, म्हणून मी बोलतो.

मी कोकणातल्या एका खेड्यातला. दुबईत एसी दुरुस्तीच्या कामावर होतो. ती फिलिपिन्सच्या पनाय बेटावरची, इलोइलो प्रांतातली. दुबईतल्या एका दातांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली काम करायची. जानेवारी २०२३ मध्ये तिच्या गावच्या नगरपालिकेत महापौरांसमोर आमचं लग्न झालं. आता ती, मी, आमचा दोन वर्षांचा मुलगा आणि माझी आई, असे चौघे गावात राहतो. पहिल्या भेटीत तिने वाकून आईचा हात हातात घेतला आणि स्वतःच्या कपाळाला लावला. त्यांच्याकडे वडीलधाऱ्यांना असाच नमस्कार करतात. आईला काही समजावून सांगावं लागलं नाही. भात, नारळ, चिंच, मासळी दोन्हीकडे तीच. घरात तिला रुळायला महिना लागला. कागदावर रुळायला अडीच वर्षं लागली.

पहिली अडचण नावाची. ती जरा सविस्तर सांगतो, कारण ती फक्त आमची नाही. जे जे फिलिपिनो मुलीशी लग्न करून महाराष्ट्रात येतील त्या सगळ्यांच्या वाट्याला ती येणार.

आपल्याकडे नावाचे तीन भाग: स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव. फिलिपिनो नावाचेही तीन भाग, पण मधला भाग म्हणजे आईचं माहेरचं आडनाव. समजा एखादीचं नाव मारिया सांतोस क्रूझ. यात क्रूझ हे वडिलांकडचं आडनाव आणि सांतोस हे आईच्या माहेरचं. वडिलांचं पाळण्यातलं नाव यात कुठेच नाही. शिवाय त्यांच्या कायद्याप्रमाणे लग्नानंतर नवऱ्याचं आडनाव लावणं बाईच्या मर्जीवर आहे, सक्ती नाही. माझ्या बायकोने आपलं नाव तसंच ठेवलं. पासपोर्टही जुन्याच नावाचा.

आता हे नाव घेऊन कोकणातल्या एका कार्यालयातल्या खिडकीशी उभे राहा. आतल्या माणसाने कागद उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "मधलं नाव वडिलांचं ना?" मी म्हटलं, नाही, आईचं आडनाव. "मग वडिलांचं नाव कुठंय?" जन्मदाखल्यावर आहे, वेगळ्या रकान्यात. "आणि लग्न झालंय तर आडनाव का बदललं नाही?" मी कायदा सांगितला. तो माणूस वाईट नव्हता, उर्मट तर अजिबात नव्हता. त्याच्यासमोरच्या फॉर्ममध्ये तीन रकाने होते आणि तिचं नाव त्यांत बसत नव्हतं, एवढंच. शेवटी त्याने ते स्वतःच्या समजुतीने बसवलं. मधल्या रकान्यात माझं नाव, शेवटच्या रकान्यात माझं आडनाव. असं नाव असलेली कुणी बाई जगातल्या कुठल्याच पासपोर्टवर नव्हती.

ती एक ओळ दुरुस्त करायला आम्ही दोन प्रतिज्ञापत्रं केली. "अमुक आणि तमुक या दोन व्यक्ती नसून एकच आहेत" असं शंभराच्या स्टॅम्प पेपरवर तिच्याकडून लिहून घेतलं. वकिलाने मराठीत वाचून दाखवलं, मी तिला अर्थ सांगितला, आणि सही करताना ती मला म्हणाली, "मी एकच आहे हे मला शपथेवर सांगावं लागतंय?" मी मान खाली घातली.

दुसरी अडचण शिक्क्याची. आमचा लग्नाचा दाखला फिलिपिन्सच्या सांख्यिकी प्राधिकरणाचा, म्हणजे पीएसएचा. गावच्या नोंदणी कार्यालयातून नोंद मनिलाला जाते, मग पक्का दाखला मिळतो. त्यातच तीन महिने गेले. त्यावर त्यांच्या परराष्ट्र खात्याचं अपोस्टिल घेतलं. अपोस्टिल म्हणजे कागद खरा असल्याचा, करारातल्या देशांत चालणारा शिक्का, हे तुम्हाला मी सांगायला नको. भारत २००५ पासून त्या करारात आहे, फिलिपिन्स १४ मे २०१९ पासून. दोन्ही देश करारात असले की एका देशाचं अपोस्टिल दुसऱ्याने मानायचं, वर दूतावासाचा शिक्का लागत नाही. तरीही २०२३ च्या पावसाळ्यात मला विचारलं गेलं, "आपल्या दूतावासाचा शिक्का कुठंय?" मी करार मोबाइलवर काढून दाखवला. "मोबाइलवरचं आम्ही धरत नाही," असं उत्तर आलं. दुसऱ्या दिवशी त्याची छापील प्रत नेली, तर साहेब रजेवर. तालुक्यापासून जिल्ह्याच्या ठिकाणी जायला आम्हाला एसटीने पावणेतीन तास लागतात. असे आम्ही सात वेळा गेलो. पाचव्या फेरीपासून ती पोटुशी होती.

इथे मला सगळ्यांत महत्त्वाचं सांगायचं आहे.

तिला मिळालेला एन्ट्री व्हिसा, ज्याला सगळे एक्स व्हिसा म्हणतात, एका वर्षाचा होता. भारतीयाच्या जोडीदाराला तो पाच वर्षांपर्यंत देता येतो. आम्हाला एक वर्ष मिळालं. मे २०२३ ते मे २०२४. आणि बाळाची तारीख होती मे २०२४.

नागरिकत्व कायद्याचं तिसरं कलम मी तेव्हा पहिल्यांदा नीट वाचलं. ३ डिसेंबर २००४ नंतर भारतात जन्मलेलं मूल जन्माने भारतीय ठरायचं तर आईवडिलांपैकी एक भारतीय हवा आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा. बेकायदा स्थलांतरित कोण, तेही कायद्यात लिहिलंय. त्यात विनापासपोर्ट आलेला तर आहेच, पण मुदत संपूनही राहिलेलाही आहे. म्हणजे माझी बायको माझ्याच घरात, माझ्या आईच्या शेजारी झोपलेली असताना, एका रात्री बारा वाजता तिची मुदत संपली आणि सकाळी बाळ झालं, तर त्या बाळाच्या नागरिकत्वावर प्रश्न उभा राहू शकतो. वडील भारतीय, आजोबा-पणजोबा याच मातीतले, आणि प्रश्न मात्र एका तारखेचा.

मुदतवाढीचा अर्ज आम्ही ई-एफआरआरओ या परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर वेळेत, मार्चमध्येच टाकला होता. ही सोय २०१८ मध्ये आली आणि तिचं मी मनापासून कौतुक करतो. ती नसती तर आठव्या महिन्यात तिला एसटीत बसवावं लागलं असतं. पण एप्रिलच्या मध्यावर शेरा आला: इथल्या कार्यालयातल्या नोंदीतलं नाव आणि पासपोर्टवरचं नाव जुळत नाही. तीच ती रकान्यातली चूक. प्रतिज्ञापत्रं पुन्हा चढवली. त्यानंतर रोज सकाळी चहाच्या आधी मी लॉगिन करायचो. पडद्यावर एकच ओळ असायची, प्रक्रिया सुरू आहे. कुणाला फोन करावा हे कुठेच नव्हतं. बायको काही विचारायची नाही. मी मोबाइल खाली ठेवला की माझ्या तोंडाकडे एकदा बघायची आणि उठून कामाला लागायची.

मंजुरी आली तेव्हा मुदत संपायला अकरा दिवस होते. बाळ नंतर नवव्या दिवशी झालं. मंजुरी लांबली असती आणि बाळ दोन-तीन दिवस उशिरा झालं असतं तर काय झालं असतं? अर्ज प्रलंबित होता म्हणून कदाचित काहीच बिघडलं नसतं. पण हे "कदाचित" आम्हाला कुणी लेखी द्यायला तयार नव्हतं. आठव्या-नवव्या महिन्यातल्या बाईला कदाचितवर झोप लागत नाही.

चौकशीला घरी आलेल्या पोलिसाबद्दलही लिहिलं पाहिजे, कारण ते या सगळ्यातलं एक बरं चित्र आहे. नवरा-बायको खरंच एकत्र राहतात का, हे पाहायला एक हवालदार मोटरसायकलवरून आले. ही परसदारी बसून बांगडे साफ करत होती, हाताला खवले लागलेले. त्यांनी आईला विचारलं, "ह्या इथंच राहतात का?" आई म्हणाली, "मग कुठे राहणार? सून आहे माझी." त्यांनी पासपोर्ट पाहिला, दोन शेजाऱ्यांच्या सह्या घेतल्या, चहा घेतला, आणि जाताना हिला मराठीतच म्हणाले, "काळजी करू नका वहिनी, माझा रिपोर्ट आज जाईल." त्या रात्री ती मला म्हणाली की या देशाच्या सरकारातला तिच्याशी थेट बोललेला हा पहिला माणूस. ते खरं होतं. बाकी सगळे माझ्याशी बोलत होते.

आता फिलिपिन्सची बाजू बघा. तिथल्या मुलीने परदेशी माणसाशी लग्न केलं आणि ती त्याच्या देशात राहायला निघाली, तर कमिशन ऑन फिलिपिनोज ओव्हरसीज या सरकारी संस्थेत समुपदेशनाला बसल्याशिवाय तिला विमानतळावरून पुढे जाता येत नाही. ही संस्था १९८० पासून आहे. गरीब घरच्या मुली पत्रव्यवहाराने, दलालांच्या यादीतून परदेशी लग्न करून जात आणि पुढे त्यांचे हाल होत, म्हणून त्या देशाने १९९० मध्ये या धंद्यावर बंदीचा कायदा केला आणि २०१६ मध्ये नवा, आणखी व्यापक कायदा आणला. मला आधी याचा राग आला होता. आमचं लग्न काय दलालाने लावलेलं नव्हतं. पण ती बाहेर आली आणि तिने सांगितलं काय काय विचारलं ते. सासू कशी आहे, तिला भेटलीस का? नवऱ्याचा पगार किती? तिथली भाषा येते का? मारहाण झाली तर कुणाला फोन करशील? आणि एका कागदावर दूतावासाचा नंबर दिला. तो कागद अजून तिच्या पासपोर्टच्या कव्हरमध्ये आहे. मला तो दिसला की वाईट वाटत नाही, बरं वाटतं. आपली मुलगी परक्या घरी जाताना मामाने बाजूला घेऊन चार गोष्टी सांगाव्यात, तसं ते आहे.

आपल्या देशात ती उतरली तेव्हा तिला कुणी काय सांगितलं? चौदा दिवसांत नोंदणी कर. बस. नोंदणी आवश्यकच आहे, तक्रार तिच्याबद्दल नाही. पण या देशात तिचे हक्क काय, नवऱ्याने पासपोर्ट काढून घेतला तर काय करायचं, तो उद्या अपघातात गेला तर ती मुलाजवळ राहू शकते की नाही, याचा एक कागदसुद्धा तिच्या हातात पडला नाही. तिच्या प्रत्येक अर्जाला माझं पत्र लागत होतं. खात्यावरचा ईमेल माझा, फोन माझा, ओटीपी माझ्याकडे. तिच्या भारतात राहण्याची किल्लीच माझ्या खिशात होती. मी बरा माणूस आहे असं ती म्हणते. पण तुमचे नियम मी बरा असण्यावर उभे आहेत, आणि सगळे नवरे तसे नसतात. ओसीआय कार्डाचंही तेच. घटस्फोट झाला की या मार्गाने मिळालेलं कार्ड रद्द करता येतं, तसं कलमच आहे. मग वाईट संसारात अडकलेली बाई तक्रार कशी करणार? लेकरू इथलं, आणि तिचा इथला पाय मात्र त्याच माणसाच्या हाती.

नोकरीचं सांगतो. एक्स व्हिसावर नोकरी करता येत नाही. ओसीआय मिळाल्यावर करता येते, पण त्यासाठी लग्नाची नोंद होऊन दोन वर्षं व्हावी लागतात, मग सुरक्षा तपासणी, मग वाट पाहणं. माझी बायको दुबईत कमवून दर महिन्याला इलोइलोला पैसे धाडायची. धाकट्या भावाची फी, वडिलांची रक्तदाबाची औषधं. त्यांच्याकडे याला "पडाला" म्हणतात, धाडलेली वस्तू किंवा पैसा. आम्हा कोकणातल्या लोकांना हे समजावून सांगावं लागत नाही. मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरवर आमच्या पिढ्यान् पिढ्या जगल्या. माझ्या आजीला पोस्टमनची चाल लांबून ओळखू यायची. इथे आल्यावर मात्र तिची मनीऑर्डर बंद झाली. मी पाठवायचो, जमेल तसं. पण नवऱ्याने पाठवलेले आणि स्वतः पाठवलेले यात काय फरक आहे, हे तिने न बोलताच मला कळत होतं. तालुक्याच्या गावी दातांचे डॉक्टर तिला घ्यायला तयार होते. माणूस होतं, काम होतं, पगारही ठरला होता. नियम नव्हता.

पुण्या-मुंबईच्या किती घरांत अमेरिकेतल्या सुनांबद्दल हळहळ ऐकली आहे. नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळणाऱ्या एच-फोर व्हिसावर गेलेल्या इंजिनिअर मुली घरी बसून असतात, हा त्या मुलींवर अन्याय आहे असं आपण म्हणतो, आणि बरोबर म्हणतो. २०१५ मध्ये अमेरिकेने त्यांच्यातल्या काहींना कामाची परवानगी दिली तेव्हा आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत आनंदाच्या बातम्या आल्या. ब्रिटनमध्ये जोडीदाराच्या व्हिसावर गेलेल्याला काम करता येतं. मग आपल्या मुलींसाठी जे मागतो ते आपल्या दारात आलेल्या सुनेला द्यायला काय हरकत आहे?

ऑगस्ट २०२५ मध्ये फिलिपिन्सचे राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोस ज्युनियर दिल्लीत आले होते. दोन्ही देशांच्या राजनैतिक संबंधांची पंचाहत्तर वर्षं, सामरिक भागीदारी, सगळं झालं. फिलिपिनो पर्यटकांना एका वर्षासाठी निःशुल्क ई-पर्यटक व्हिसा जाहीर झाला. त्यांनीही त्याच वर्षी जूनपासून भारतीय पर्यटकांना चौदा दिवस विनाव्हिसा प्रवेश सुरू केला होता. बातमी वाचून आम्ही दोघंही खूश झालो. तिची बहीण आता सहज येऊ शकेल. पण मनात हेही आलं की ताजमहाल बघायला येणाऱ्या मेहुणीसाठी दार एवढं मोठं उघडलं, तर घर सांभाळायला आलेल्या बहिणीसाठी निदान फट तरी मोठी करा.

आणि वेळही आत्ताचीच आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून नवा इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा लागू झाला. १९३९ आणि १९४६ चे इंग्रजांच्या वेळचे कायदे गेले. ते महायुद्धाच्या आगेमागचे, परदेशी माणूस म्हणजे आधी संशय असं धरून चालणारे. नव्या कायद्याखालच्या सूचना, परिपत्रकं, फॉर्म तुम्ही आता घडवत असाल. त्यात माझं एवढं ऐका.

फॉर्ममधलं नाव पासपोर्टवर आहे तसंच, एका रकान्यात घ्या. आणि प्रत्येक जिल्ह्याच्या कार्यालयाला मराठीत एक पानाचं परिपत्रक द्या, की फिलिपिनो नावात मधलं नाव आईकडचं असतं, आडनाव न बदलणं हा दोष नाही, आणि अपोस्टिल असेल तर दुसरा शिक्का मागू नये. एवढ्या एका पानाने माझ्या सातातल्या पाच फेऱ्या वाचल्या असत्या. एक्स व्हिसा पाच वर्षांपर्यंत देता येत असेल तर भारतीयाच्या बायकोला किंवा नवऱ्याला तो पहिल्यांदाच तेवढा द्या. गरोदर बाईच्या अर्जाला वेगळा रस्ता ठेवा आणि अर्ज वेळेत आला असेल तर मुदत चालू आहे असं स्पष्ट लेखी द्या. जोडीदाराच्या व्हिसावर काम करू द्या. तिचं खातं तिच्या ईमेलवर, तिच्या फोनवर उघडलं जाईल असं पाहा. विधवा झाली, टाकली गेली, मार खाऊन घराबाहेर पडली, तर तिने कुठे जायचं हे तिला कळेल अशा इंग्रजीत लिहून पहिल्याच दिवशी तिच्या हातात द्या, माझ्या नाही.

खोटी लग्नं होतात, हे मला माहीत आहे. चौकशी करा, घरी या, शेजाऱ्यांना विचारा. तो हवालदार आला तसा रोज एक आला तरी आमची हरकत नाही.

माझी बायको गेल्या दिवाळीपासून तालुक्याच्या त्या दवाखान्यात जाते. पहिल्या पगारातून तिने वडिलांना पैसे पाठवले आणि पावतीचा फोटो मला न दाखवता आधी माझ्या आईला दाखवला.

मागच्या महिन्यात शेजारच्या तालुक्यातला एक मुलगा माझा पत्ता शोधत आला. जहाजावर असतो. त्याची बायको फिलिपिन्सच्या सेबू बेटावरची. तिचं पहिलं वर्ष जूनमध्ये संपतंय. अंगणात बसून त्याने पिशवीतून फाइल काढली आणि वरचाच कागद माझ्यापुढे धरला. त्यावर पेन्सिलीने लिहिलं होतं: मधले नाव वडिलांचे नाही, खुलासा करावा.

कळावे.

आपला विश्वासू,
कोकणातला एक नागरिक